टेबलावर दोन बुक: पाचवीच्या एका वर्गाचं प्रकरण

मराठी माध्यमाची ग्रामीण शाळा, इयत्ता पाचवी, पट पस्तीसच्या आसपास. वर्ग प्रातिनिधिक आहे, पण त्यातल्या चुका राज्यातल्या कुठल्याही मराठी शाळेच्या वह्या उघडल्या तरी सापडतात. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. त्यामुळे पाचवीतलं मूल बुक, बॉल, टेबल, ट्री हे शब्द चार वर्षं ऐकत आलेलं असतं. वस्तूंची नावं येतात, वाक्य येत नाही, असा हा टप्पा.

या वर्गात जागा दाखवणारे शब्द आणि अनेकवचन हे दोन्ही घटक ‘झाले’ होते. ‘द कॅट इज डॅश द बॉक्स’ असल्या गाळलेल्या जागा मुलं बिनचूक भरत होती. अनेकवचनांची यादीही पाठ होती: बुक–बुक्स, बॉक्स–बॉक्सेस, बेबी–बेबीज. मग शिक्षकांनी खोलीचं एक चित्र दिलं आणि पाच वाक्यं लिहायला सांगितली. वह्यांत आलं ते असं: ‘टेबल ऑन टू बुक’, ‘टू बुक इज ऑन द टेबल’, ‘देअर इज थ्री बॉल इन द बॉक्स’, ‘माय फादर आर इन द चेअर’, ‘बर्ड इज ऑन द ट्री’.

अशा वेळी पहिला विचार येतो तो सराव वाढवण्याचा. आणखी गाळलेल्या जागा, आणखी याद्या. इथे तेवढ्याने काहीच हाललं नसतं. गाळलेल्या जागेत वाक्य आधीच छापलेलं असतं आणि मुलाने तीन पर्यायांतून एक उचलायचा असतो. यादीत तर वाक्यच नसतं. शब्दांचा क्रम, नामाचा एस आणि ‘इज’ की ‘आर’ हे सगळं एका दमात सांभाळायची वेळ त्या मुलांवर चित्र समोर येईपर्यंत आलेलीच नव्हती.

निदान

चुका मोजण्याआधी त्या वेगळ्या कराव्या लागतात. त्यासाठी प्रत्येक मुलाला एकेकटं बोलावून दोन-तीन मिनिटं दिली तरी पुरतात. टेबलावर चार मांडण्या करायच्या: पुस्तकावर एक पेन, डब्यात तीन खडे, खुर्चीखाली दोन चपला, भिंतीवर घड्याळ. आधी मराठीत विचारायचं, मग इंग्रजीत. मराठी उत्तर वगळू नये. मूल मनात कोणतं वाक्य घेऊन निघालंय ते त्यातूनच कळतं. ‘खुर्चीखाली चपला आहेत’ म्हणणारं मूल आणि ‘चपला खुर्चीखाली आहेत’ म्हणणारं मूल इंग्रजीत वेगवेगळ्या ठिकाणी अडखळतं.

उत्तरांच्या चार ढिगाऱ्या होतात: क्रमाच्या चुका, एस गळण्याच्या, इज-आरच्या आणि जागेच्या शब्दाच्या. या वर्गात शेवटची ढिगारी सगळ्यांत लहान निघाली, आणि आधीचा बहुतेक सराव तिच्यावरच खर्च झाला होता.

मराठी कुठे मदत करते, कुठे पाय ओढते

‘पुस्तक टेबलावर आहे’ आणि ‘टेबलावर पुस्तक आहे’ यांतला फरक पाचवीच्या मुलाला कुणी शिकवावा लागत नाही. पहिल्यात पुस्तक कुठलं ते दोघांनाही माहीत आहे, ते कुठे आहे एवढंच सांगायचंय. दुसऱ्यात टेबलावर काय आहे ते सांगायचंय. इंग्रजी पहिल्यासाठी ‘द बुक इज ऑन द टेबल’ म्हणते, दुसऱ्यासाठी ‘देअर इज अ बुक ऑन द टेबल’. म्हणजे ‘कुठे’ विचारलं तर वाक्य ‘द’ने सुरू, ‘काय’ विचारलं तर ‘देअर’ने. एवढी खूण दिली की ‘देअर’ म्हणजे ‘तिथे’ असं पाठ करून होणारा गोंधळ टळतो. या जागी ‘देअर’चं मराठी करायला जाऊच नये. मराठी वाक्यात त्याच्यासाठी खुर्चीच ठेवलेली नाही.

अनेकवचनाचं गणित गुंतागुंतीचं आहे. आंबा–आंबे, भिंत–भिंती, खुर्ची–खुर्च्या, घर–घरं असे बदल मराठीत आहेत, पण दगड, बैल, लाडू, शाळा हे शब्द एकाचे अनेक झाले तरी जसेच्या तसे राहतात. तिथे संख्या क्रियापदावरून कळते: दगड पडला, दगड पडले. शिवाय बोलण्यात आलेले इंग्रजी शब्द बहुतेकदा न बदलता वापरले जातात: दोन पेन, तीन बॉल, चार टेबल. मुलं तेच शब्द इंग्रजीच्या तासाला परत आणतात, तेही बिनएसचे. उलट्या बाजूने काही शब्द मराठीत आलेच एस लावून. ‘माझा एक शूज सापडत नाही’, ‘एक लेडीज उभी होती’, ‘एक सॉक्स फाटला’. इथे एस हा मुलाला शब्दाचाच भाग वाटतो, मग ‘अ शूज’ लिहिलं जातं. असे शब्द फळ्याच्या कोपऱ्यात आठवडाभर लिहून ठेवावेत: शू–शूज, सॉक–सॉक्स, लेडी–लेडीज, चिप–चिप्स.

आहे–आहेत आणि इज–आर ही मात्र तयार जोडी आहे. घरी ‘हाय–हाईत’ बोलणाऱ्या मुलालाही ती लगेच लागते. तिला एकच भोक आहे, ते आदराचं. ‘बाबा घरी आहेत’, ‘सर वर्गात आहेत’ यावरून ‘माय फादर आर ॲट होम’ होतं. आईला अगं-तुगं असल्याने ‘माय मदर इज’ बरोबर येतं आणि शिक्षक चक्रावतात, की याला एक येतं, दुसरं कसं येत नाही? ज्या घरांत वडिलांनाही अरे-तुरे करतात तिथल्या मुलांच्या वहीत ही चूक नसते. वर्गासाठी यावर एक सूत्र चाललं: डोकी मोजा, मान मोजू नका.

सहा तास

प्रत्येक तास ३५ मिनिटांचा, दोन आठवड्यांत सहा. दर जोडीला सामान असं: साबणाचे दोन रिकामे खोके, हरभऱ्याहून मोठे चार खडे, बाटलीची चार टोपणं. ही निवड उगाच केलेली नाही. टोपण म्हणजे कॅप, खडा म्हणजे स्टोन, खोका म्हणजे बॉक्स. अनेकवचनी एसचे तीन उच्चार या तीन शब्दांत येऊन जातात.

पहिल्या तासाला मुलांनी बोलायचं नाही. शिक्षक सांगतात, मुलं ठेवतात: ‘पुट द स्टोन ऑन द बॉक्स’, ‘पुट द कॅप अंडर द बॉक्स’. ऐकून कृती करण्याची ही रीत जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात पद्धत म्हणून मांडली. आधी ऑन आणि अंडर, कारण दोन टोकं डोळ्यांना स्पष्ट दिसतात. मग इन. सगळं एकवचनी, बारा आज्ञा पुरतात. शेजाऱ्याचं बघून ठेवणं टाळायला दोघांच्या मध्ये दप्तर उभं करायचं. हे दप्तर पुढेही लागतं.

दुसरा तास एसचा, आणि सगळ्यांत महत्त्वाचा. मुलं ‘टू बुक’ म्हणतात त्यामागे आळस नसतो. ‘टू’ म्हटल्यावर दोन कळलेच, मग एस हवाय कशाला, असा त्यांचा हिशेब असतो आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. म्हणून या तासाला आज्ञेत आकडा ठेवायचाच नाही. ‘पुट द स्टोन इन द बॉक्स’ म्हटलं तर एक खडा, ‘पुट द स्टोन्स इन द बॉक्स’ म्हटलं तर सगळे. एस ऐकला नाही तर मांडणी चुकते, आणि ती चूक शिक्षकाने सांगावी लागत नाही. पहिल्या तीन-चार आज्ञांत एस ठळक म्हणावा, नंतर नेहमीच्या बोलण्याइतकाच. शेवटी दहा आज्ञा मिसळून द्याव्यात. दोन एकवचनी, मग एक अनेकवचनी असा ठेका लागू देऊ नये, मुलं ठेका लगेच पकडतात.

तिसरा तास उच्चार आणि स्पेलिंगचा. कॅप्स, बुक्समध्ये शेवटी ‘स’ येतो. स्टोन्स, पेन्स, बॉल्समध्ये तो ‘माझा’मधल्या झकडे झुकतो. बॉक्सेस, बेंचेसमध्ये ‘इझ’ असा एक अवयव, म्हणजे उच्चाराचा तुकडा, वाढतो. पहिल्या दोन उच्चारांतल्या फरकावर पाचवीत अडून बसू नये. ‘पेन्स’ स्पष्ट स लावून म्हटलं तरी अर्थ बिघडत नाही. तिसऱ्यावर मात्र अडावं, कारण स्पेलिंग त्यावर उभं आहे. टाळ्या वाजवून दाखवायचं: बॉक्स एक टाळी, बॉक्सेस दोन. टाळी वाढली की ई एस. शब्दाच्या शेवटी ई आधीच असेल, जसं हाउस, पेज, ऑरेंज, तर नुसता एस पुरतो. वायचा नियम एवढाच सांगावा: वायच्या आधी व्यंजन असेल तर आय ई एस, बेबी–बेबीज; स्वर असेल तर नुसता एस, टॉय–टॉइज, की–कीज. एफचा व्ही होणारे नाइफ, लीफ हे शब्द इथे आणू नयेत. मॅन, वुमन, चाइल्ड, फुट, टूथ, माउस हेही याच तासाला घेतले तर एसची घडी बसायच्या आत विसकटते. त्यांना आठवड्यानंतर वेगळा तास द्यावा. शेतकरी घरांतल्या मुलांसाठी त्यात ऑक्स–ऑक्सन घालावा, त्यांना तो रोज लागतो.

चौथ्या तासाला वाक्य. फळ्यावर मराठी वाक्य: खोक्यावर – दोन – खडे – आहेत. खाली इंग्रजी पट्ट्या: देअर – आर – टू – स्टोन्स – ऑन द बॉक्स. मुलांना जोड्या लावायला दिल्या की गंमत दिसते. मराठीतला पहिला आणि शेवटचा शब्द जागा बदलतात, मधली ‘दोन खडे’ ही जोडी हलत नाही, आणि सुरुवातीला ‘देअर’ येऊन बसतो. ‘टेबल ऑन टू बुक’ लिहिणाऱ्या मुलाला नियमापेक्षा ही अदलाबदल पटकन कळते. ‘ऑन द बॉक्स’ एकाच पट्टीवर लिहावं, तोडू नये. मराठीत ‘वर’ हा खोक्याला मागून चिकटतो, इंग्रजीत ऑन पुढून. पट्ट्या सुट्या दिल्या तर मूल ‘बॉक्स ऑन’ करतंच. इज, अ, स्टोन या पट्ट्या एका रंगात आणि आर, टू, स्टोन्स दुसऱ्या रंगात असाव्यात. रंग मिसळले तर वाक्य चुकलं. ‘देअर इज अ बुक्स’सारखी खिचडी त्यात लगेच उघडी पडते.

पाचव्या तासाला दप्तराची भिंत परत. एक जण आपल्या बाजूला सहा वस्तू मांडतो आणि सांगतो: ‘देअर आर टू कॅप्स अंडर द बॉक्स.’ दुसरा न बघता तशीच मांडणी करतो. मग दप्तर काढून ताडून बघायचं. मराठीत कुजबुज सुरू होते हे गृहीत धरावं. वाक्य इंग्रजीत पूर्ण झालं असेल तर त्याभोवतीची मराठी चालू द्यावी.

सहावा तास ‘वर’चा. मराठीतला हा एक शब्द इंग्रजीतल्या निदान तीन जागा सांभाळतो. वस्तू टेकलेली असेल तर ऑन, मग ती भिंतीवरचं घड्याळ असो की छताला बसलेली माशी. टेकलेली नसेल तर अबव्ह. दोहोंच्या मधून कागदाची पट्टी फिरवून बघायची: फिरली तर अबव्ह, अडली तर ऑन. तिसरी जागा ॲटची. मामा स्टँडवर आहेत, बाया विहिरीवर आहेत, बाबा कामावर आहेत, पोरं नाक्यावर आहेत. इथे मुलांना विचारायचं, मामा स्टँडच्या छपरावर चढलेत का? वर्ग हसतो, आणि ‘ऑन द स्टँड’ची चूक तिथेच सुटते. घरी आणि घरात या जोडीचाही उपयोग होतो. घरी म्हणजे ॲट होम, तेही ‘द’ न लावता. घरात म्हणजे इन द हाउस.

उरतात ते अपवाद, आणि ते रोजच्या वापरातलेच आहेत. ताटात भाकरी म्हणजे इंग्रजीत ऑन द प्लेट, वाटीत आमटी म्हणजे इन द बोल. भांड्याच्या कडा उंच की बुटक्या एवढं बघायचं. झाडावर आंबे असतील तर ऑन द ट्री, झाडावर पाखरू बसलं असेल तर इन द ट्री, कारण ते फांद्या-पानांच्या आत असतं. एसटीत म्हणजे ऑन द बस, पण रिक्षात म्हणजे इन द ऑटो. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं त्याला ऑन, हा नियम शाळेपुरता पक्का आहे. शेतात, उन्हात, आभाळात, चित्रात यांना मात्र बिनधास्त इन लावावं.

अंमलबजावणीत कुठे अडलं

समोर आणि मागे या शब्दांनी सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला, आणि दोष मुलांचा नव्हता. टेबलावर डबा ठेवून त्याच्यापुढे चेंडू ठेवला की शिक्षकाच्या बाजूने तो ‘इन फ्रंट ऑफ’ असतो, मुलांच्या बाजूने ‘बिहाइंड’. डब्याला स्वतःचं तोंड नसतं. निम्मा वर्ग बरोबर असूनही चूक ठरला. उपाय दोन: शिक्षकाने मुलांच्या बाजूला येऊन उभं राहायचं, किंवा जिला पुढचा भाग आहे अशी वस्तू घ्यायची. खुर्ची सगळ्यांत सोयीची, मातीचा बैलही चालतो. शाळेसमोरचं दुकान रस्त्यापलीकडे असेल तर तिथे ‘ऑपोझिट’ लागतो. तो पुढच्या वर्षावर सोडला तरी चालतं.

मध्ये हाही फसवा आहे. डब्यामध्ये, दार आणि खिडकीच्या मध्ये, दोन्हींना मराठीत एकच शब्द, म्हणून ‘इन द डोअर अँड विंडो’ लिहिलं जातं. दोन वस्तूंची नावं ‘आणि’ने जोडली गेली की बिटवीन, एवढं पुरे.

सामूहिक उत्तरांनी पहिले दोन दिवस फसवलं. ‘वेअर इज द स्टोन?’ विचारलं की सगळा वर्ग ‘ऑन!’ म्हणून ओरडतो, आणि त्या आवाजात निम्मी मुलं ओठ हलवतात. सगळ्यांना हात वर करून मांडणी दाखवायला लावली की खरं चित्र समजतं.

केसांची चूक फार चिवट निघाली. मराठीत केस पांढरे होतात, गळतात, विंचरले जातात, सगळं अनेकवचनात. मग ‘माय हेअर्स आर ब्लॅक’. फर्निचर, लगेज यांचंही तसंच. या शब्दांना एस लागत नाही आणि इज लागतो, हे वाक्यासकट पाठ करून घेण्यावाचून इलाज नाही.

पंधरवड्यानंतर वहीत ‘चिल्ड्रन्स’, ‘मेन्स’, ‘फीट्स’ दिसायला लागले. याने घाबरू नये. एसचा नियम मुलाच्या अंगात उतरला आणि तो आता सगळीकडे लावून बघतंय, एवढाच त्याचा अर्थ. तांबड्या शाईने रेघ मारण्यापेक्षा बरोबर रूप वाक्यात घालून म्हणावं: ‘येस, देअर आर टू चिल्ड्रन अंडर द ट्री.’ वुमनचं अनेकवचन लिहिताना एच्या जागी ई येतो, पण बोलताना पहिलाच अवयव बदलतो, वुमन–विमिन. हे ऐकवलं नाही तर मुलं ‘वुमेन’ म्हणत राहतात.

तपासणी

शेवटची तपासणी आठ वाक्यांची, चार तोंडी आणि चार लेखी. प्रत्येक वाक्याला चार गुण: क्रम, एस, इज-आर आणि जागेचा शब्द, प्रत्येकी एक. ‘देअर इज थ्री बॉल इन द बॉक्स’ला क्रमाचा आणि इनचा असे दोन गुण मिळतात. नुसती फुली मारली असती तर त्या मुलाला येतं ते आणि येत नाही ते एकाच फुलीत मिसळून गेलं असतं. चार रकाने उभे मांडले की कुठल्या मुलाला कुठला तास परत द्यायचा ते कळतं.

नियम कळला की यादी पाठ झाली, हे तपासायला मुलांच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्या जीन बर्को यांची युक्ती वापरावी. त्यांनी १९५८ मध्ये इंग्रजी भाषक मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून ‘धिस इज अ वग’ म्हटलं, मग दोन दाखवून ‘देअर आर टू…’ असं अर्ध्यावर सोडलं. शब्द आधी कुणी ऐकलेलाच नाही, त्यामुळे पाठांतर उपयोगी पडत नाही. ‘वग्स’ बऱ्याच मुलांनी सांगितलं. पण ‘ग्लासेस’ नीट म्हणणारी मुलंही ‘टास’ या बनावट शब्दापाशी अडखळली. इथेही फळ्यावर दोन विचित्र प्राणी काढून मिग आणि तॅश अशी नावं दिली. ‘मिग्स’ बहुतेकांना आलं. ‘तॅशेस’ म्हणताना बरीच मुलं थांबली, म्हणजे टाळीचा तास पुन्हा घ्यावा लागणार होता.

दोन आठवड्यांनी ‘टेबल ऑन’ छापाची वाक्यं जवळजवळ गेली. आकडा असलेल्या वाक्यांतला एस लिहिताना येऊ लागला, घाईत बोलताना अजून गळतो. इज-आर सुधारलं, फक्त सरांबद्दल लिहिताना ‘आर’ परत येतो. शूजही अजून एकवचनी आहे. सहावीत हा वर्ग गेला की तिथल्या शिक्षकांच्या हातात चार रकान्यांचा हाच कागद द्यायचा आणि त्यांनी एसच्या रकान्यापासून सुरुवात करायची.